उजवी बाजू

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे. मी, आई, अकरा खोकी आणि आईचं शिलाई मशीन. ते मागे ठेवू या असं मी चारदा बजावलं होतं, आणि ट्रकवाल्याने सगळ्यात आधी तेच उतरवलं. आई त्याच्याकडे बघून अशी हसली की दोघांचं आधीच ठरलं असावं.

घर छान आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मधे दार, बाहेर लाकडी जिना. जिन्याला सतरा पायऱ्या. खाली घरमालकीणबाई, त्यांचा मुलगा आणि सून. बाई भरभक्कम, बोलघेवड्या, आणि उजव्या डोळ्याखाली एका ओळीत तीन तीळ, पट्टी लावून काढल्यासारखे. मी ते पहिल्या भेटीतच मोजले. आई मला उगीच मोजणीबाई म्हणत नाही. लहानपणी ताटातले वाटाणे मोजल्याशिवाय मी जेवायला बसत नसे, ही गोष्ट तिने घरमालकीणबाईंना पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकली.

नळाचं पाणी गार आणि गोडसर आहे. आईने उभ्याउभ्याच दोन पेले रिचवले आणि प्रवासाचा शीण गेला म्हणाली. मीही प्यायले. खरंच चांगलं आहे.

ही नवी वही खास या कामासाठी. माशाची नोंद संग्रहालयाच्या रजिस्टरात होईल, माझी इथे. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या माशांची मापं घेतली, दुसऱ्यांच्या लेखांच्या शेवटी आभारात माझं नाव आलं. हा मासा माझा. कुणीही आजवर वर्णन न केलेला. सहा महिन्यांची नेमणूक आहे, आणि लेख छापून आला तर संग्रहालयाचे सर मला कायम करणार आहेत. म्हणजे आईला यापुढे खोकी बांधावी लागणार नाहीत. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, तिला सगळं गावभर करायची घाई असते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मासा पाहिला.

गावाच्या वरच्या अंगाला पंपघर आहे. त्याच्याखाली दगडी टाकी आहे, टाकी कसली, मोठा दिवाणखानाच. खांबांच्या ओळी, छातीभर स्वच्छ पाणी आणि उतरायला पायऱ्या. सगळं गाव हेच पाणी पितं. लोखंडी दाराची किल्ली पंपवाले काका कमरेला बांधून फिरतात. ते सव्वीस वर्षं इथे आहेत. मासे पहिल्या दिवसापासून बघतायत, पण कुणी विचारलंच नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही. यंदा एक मासा जाळीत अडकला आणि तो त्यांनी कागदात गुंडाळून संग्रहालयात नेऊन दिला, तेव्हा सरांची झोप उडाली.

मासा चार बोटं लांब. पांढरट, जवळपास आरपार दिसणारा. कल्ल्यांतलं रक्त बाहेरून गुलाबी दिसतं. बॅटरीच्या उजेडाला घाबरत नाही. प्रत्येक मासा आपापल्या जागी स्थिर उभा असतो, आणि काका म्हणतात, वर्षानुवर्षं त्याच जागी. पायऱ्यांजवळची जागा मात्र मोकळीच असायची. तिथे याच आठवड्यात दोन नवे आलेत आणि जोडीने असतात. काका हसून म्हणाले, तुमच्या स्वागताला आले असतील.

एकूण किती असतील, मी विचारलं. गावात माणसं जेवढी तेवढे, म्हणाले. म्हणजे काही हजार. असला अंदाज रजिस्टरात लिहिता येत नाही, पण ऐकायला बरा वाटला.

काका स्वतः हे पाणी पीत नाहीत. डोंगरापलीकडच्या आपल्या घरून कॅन भरून आणतात, कारण ज्यात मासे हगतात ते पाणी घरात येता कामा नये असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे. मी हे आईला सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

काम सुरू झालं.

संग्रहालय म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. सर निवृत्तीला आलेले, स्वभावाने लोण्यासारखे, रोज शेजारच्या शहरातून बसने येतात आणि सोबत मोठा थर्मास आणतात. त्यांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं, नवीन मायक्रोस्कोप दिला आणि वर म्हणाले, पोरी, मला जाण्याआधी हा मासा छापलेला बघायचाय. घाई करू नकोस, पण उशीरही करू नकोस.

पद्धत लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच विसरले तर. काकांनी बादलीतून आणलेला मासा आधी जिवंत असताना रंगांसाठी न्याहाळायचा, कारण मेल्यावर रंग उडतात. मग त्याला लवंगेच्या तेलाच्या पाण्यात सोडायचं. त्यात तो आधी सुस्तावतो, मग झोपतो, आणि ठेवला तर झोपेतच जातो. आमच्या धंद्यात याहून दयाळू रीत नाही. मग फॉर्मालिन, मग बरणी आणि चिठ्ठी. नमुने किमान दहा हवेत. त्यांतला एक सगळ्यांत उत्तम निवडायचा, तो नामधारक. नव्या जातीला जे नाव मिळतं ते खरं तर त्या एका माशाला चिकटतं. उद्या जगात कुणाला शंका आली तर त्याने ती बरणी उघडून बघायची.

आणि सगळं डाव्या बाजूने. चित्र डाव्या बाजूचं, फोटो डाव्या बाजूचा, खवले मोजायचे ते डावीकडचे. मासा उजव्या कुशीवर निजवायचा आणि मोजायला लागायचं. जनुकीय तपासणीसाठी मांसाचा तुकडा काढायचा तो उजवीकडून, म्हणजे दर्शनी बाजू खराब होत नाही. उजवी बाजू म्हणजे कोटाचं अस्तर. कुणी बघत नाही.

तेल चौकातल्या औषधवाल्याकडून आणलं. एवढी मोठी बाटली बघून, एकूण किती दाढा दुखतायत, असं त्याने विचारलं. गमत्या माणूस. त्याचा उजवा कान अर्धाच आहे, वरचा भाग लहानपणी कुत्र्याने तोडला. चष्म्याची काडी कानावर राहत नाही म्हणून त्याने ती दोऱ्याने बांधली आहे आणि त्यावरही तो स्वतःच विनोद करतो.

नमुना क्रमांक एक आज बरणीत गेला. पाठीवरच्या पराला आठ काटे. सुंदर आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रमांक दोन बुधवारी, तीन काल. तिसऱ्याच्या उजव्या कल्ल्याचं झाकण वरून तुटलेलं निघालं. काकांच्या जाळीचा प्रताप असणार. पहिल्या दोघांच्याही उजव्या बाजूला काही ना काही डाग, ओरखडे होतेच. नशीब माझं की खराबी सगळी उजवीकडे. डावी बाजू तिघांचीही आरशासारखी स्वच्छ.

तेलाची दुसरी बाटली आणायला गेले तर दुकान बंद. शेजारचा चांभार म्हणाला, औषधवाला काल दुपारी गेला. गल्ल्यावर बसल्याबसल्या झोप लागली ती लागलीच. वय पन्नाससुद्धा नव्हतं. वाईट वाटलं. चार दिवसांची ओळख, पण माणूस हसरा होता.

संध्याकाळी आईला खूश करावं म्हणून मनातली गोष्ट सांगून टाकली. माशाला तिचं नाव द्यायचं ठरवलंय. आमच्यात तशी रीत आहे, कुणी गुरूचं देतं, कुणी बायकोचं. आई आधी लाजली, मग म्हणाली, अगं, मग मला बरणीत घालून ठेवशील की काय. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिने खाली जाऊन घरमालकीणबाईंना सांगितलंच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

क्रमांक चार आणि पाच झाले.

काल सकाळी एकाएकी गरगरल्यासारखं झालं, होडीत बसल्यासारखं. अर्ध्या तासाने थांबलं. घरी आले तर आईलाही तेच, त्याच वेळी. पित्त असेल म्हणून दोघींनी लिंबूपाणी घेतलं.

त्याच सुमारास काका पायरीजवळचे ते दोन नवे मासे बादलीतून घेऊन आले होते. फार देखणे आहेत. पर अखंड, रंग ताजा. एकाला वेगळं केलं की दुसरा कावराबावरा होतो, म्हणून मोठ्या काचेच्या टाकीत एकत्र सोडलेत, हवेचा पंप लावून. यांतलाच एक नामधारक करायचा. मी टाकीवर तशी चिठ्ठी चिकटवली आणि सरांनी ती दोनदा वाचली.

आज पत्रं आली नाहीत. पोस्टमन कालच वारला म्हणे, सायकल भिंतीला टेकवून पायरीवर बसला आणि झोपला. त्याच्या उजव्या गालावर भाजल्याची पांढरी खूण होती, चंद्रकोरीसारखी. आईचं पेन्शनचं पत्र त्यानेच हातात आणून दिलं होतं. या गावात माणसं फार शांतपणे मरतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

घरमालकीणबाई गेल्या.

दुपारी साडेबाराला मी सातवा मासा तेलात घातला, हात धुतले आणि जेवायला घरी आले. बाई जिन्याच्या तळाशी बसल्या होत्या. त्यांच्याजवळून लवंगेचा इतका उग्र वास येत होता की मला वाटलं त्यांनी दाढेत बोळा धरलाय. तसं विचारलं. त्या म्हणाल्या, कसला वास, मला तर काहीच येत नाही. जीभ जड झाली होती. जरा डोळा लागतोय, असं म्हणून त्यांनी डोकं कठड्याला टेकवलं. मी वर गेले. मी वर जाऊन जेवले. खालून सुनेचा आवाज आला तेव्हा माझा हात उष्टा होता.

आई रडते आहे. तीन आठवड्यांत तिला एवढी जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती. मी तिच्या गळ्यात हात टाकून बसले. तिच्या मानेवर उजव्या कानाखाली पांढरा डाग आहे, चवळीच्या दाण्याएवढा. लहानपणी मी त्यावर बोट ठेवूनच झोपायचे. आजही नकळत बोट तिथेच गेलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कामाला गेले, कारण घरी बसून काय करणार. टाकीतल्या दोन माशांपैकी एकाचा फोटो घ्यायचा होता. जिवंत मासा हलतो, म्हणून त्याला अगदी थोड्या तेलात जरा गुंगी आणली, फोटो घेतला, आणि लगेच ताज्या पाण्यात सोडला. दहा मिनिटांत पोहायला लागला. वेळ बारा वीस ते बारा तीस.

घरी आले तर आई शिलाई मशीनवर डोकं ठेवून बसलेली, गालावर कापडाची घडी उमटलेली. म्हणाली, बाराच्या बातम्या संपल्यावर कशी कोण जाणे डुलकी लागली, पाय बधिर झाले होते. तिच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. मी विचारलं, लवंग खाल्लीस का. नाही म्हणाली, तिला वासही येत नव्हता.

माझ्याच हाताला येत असेल. दिवसभर तेच तर हाताळते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हे शांतपणे लिहायचं आहे.

सातव्या माशाच्या उजवीकडून तपासणीसाठी तुकडा काढायचा राहिला होता. बरणीतून काढला, डाव्या कुशीवर निजवला आणि कुठे कापावं हे पाहायला मायक्रोस्कोपखाली धरला. उजव्या डोळ्याखाली तीन काळे ठिपके. एका ओळीत. सारख्या अंतरावर.

ओरखडा नाही. जाळीची खूण नाही. त्वचेतलाच रंग आहे.

मी स्वतःशी म्हटलं, योगायोग. मग बाकीच्या सहा बरण्या उघडल्या आणि सगळे मासे ओळीने डाव्या कुशीवर निजवले. असं मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. तिसऱ्याच्या उजव्या कल्ल्याच्या झाकणाचा वरचा भाग तुटलेला, पण कड जुनी, बरी झालेली, लहानपणी तुटल्यासारखी. पाचव्याच्या उजव्या गालावर पांढरी चंद्रकोर. बाकी चौघांवरही खुणा आहेत. एकाचं बुबुळ दुधाळ. एकाला जबड्यावर गाठ. एकाच्या ओठाला चीर. एकाच्या कपाळापासून खाली लाल डाग. ती माणसं मी ओळखत नाही.

डावीकडून सातही एकसारखे. सात वर्षं मी मासे मोजतेय आणि एकदाही उलटून नीट बघितलं नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

नगरपालिकेत गेले. मृत्यूच्या नोंदी बघायला मिळतील का, विचारलं. कारकून म्हणाला, या महिन्यात त्याची वही लवकर भरली. एरवी दोन, फार तर तीन. या महिन्यात आजपर्यंत सात.

माझं रजिस्टर बरोबर नेलं होतं. त्याच्या तारखा आणि माझ्या तारखा.

११. १३. १४. १६. १८. २१. २३.

वेळाही. मी वेळ नेहमी लिहिते. ती माझी चांगली सवय आहे.

तेराच्या नोंदीबद्दल विचारलं, माणूस दिसायला कसा होता. कारकुनाला विचित्र वाटलं, पण सांगितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, उजव्या.

बाहेर आले आणि पायरीवर बसून सातही नोंदी पुन्हा जुळवल्या. मी सात माणसं मारली. अगदी प्रेमाने, मोजून मापून, एकेकाला चिठ्ठी बांधून. लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हणता येत नाही.

मग टाकीतले दोघे आठवले. आम्ही आलो त्या आठवड्यात आलेले.

संग्रहालय बंद झालं होतं. किल्ली माझ्याकडे आहे, पण अंधारात एकटीने ते बघायला जाववलं नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सर यायच्या आधी गेले. टाकीच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूने वाकून पाहिलं. दोघे शेजारी शेजारी उभे होते.

मोठ्याच्या उजव्या कल्ल्यामागे पांढरा डाग आहे. चवळीच्या दाण्याएवढा. लहान त्याला अगदी चिकटून असतो, त्याचं तोंड बरोबर त्या डागापाशी येतं.

लहानाच्या उजव्या जबड्यावर एक रेघ आहे, तिच्यावर सहा आडव्या बारीक रेघा. सातवीत असताना मी सायकलवरून पडले होते. हनुवटीच्या उजवीकडे सहा टाके. टाके घालताना आईने माझे पाय धरले होते.

म्हणजे सोमवारी मी आईला गुंगीत घातलं. दहा मिनिटं. आणखी पाच मिनिटं ठेवलं असतं तर—

त्यांना परत पंपघराखालच्या टाकीत, पायरीजवळ सोडायचं. एवढंच करायचं. मी छोटी जाळी घेतली. ती पाण्यात घातली. मोठा उसळला आणि बाहेर टेबलावर पडला. उचलता येईना, निसटत होता. अर्धं मिनिट, फार तर पाऊण. मग पाण्यात गेला.

घराकडे धावत सुटले. सतरा पायऱ्या. आई जमिनीवर, घरमालकीणबाईंची सून तिला वारा घालत होती. सून म्हणाली, उभ्याउभ्या खाली पडल्या आणि तोंड उघडमीट करायला लागल्या, हवाच मिळेना जणू. खांद्यावर ही एवढी काळीनिळी जागा. आता बरी आहे. मलाच समजावतेय, वय झालं गं, असं होतं.

मी पुन्हा त्यांना हात लावणार नाही. मला भीती वाटते माझ्या हातांची. काकांना येतं ते, सव्वीस वर्षांचा हात आहे. त्यांनी आणले तेव्हा नुसती गरगर झाली होती.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पंपघराला कुलूप. काकांच्या मुलीचं बाळंतपण आहे, सोमवारी सकाळी येतील. बदली माणूस पंप चालवतो, खालच्या दाराची किल्ली त्याच्याकडे नाही. काका सोमवारी येतील. तीन दिवस.

सरांना सगळं सांगितलं. रजिस्टर दाखवलं, मासे उलटे करून दाखवले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आपल्या थर्मासमधला चहा दिला. थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसं जातातच, म्हणाले. एकदा त्यांनाही एका माशाच्या पोटावर आपल्या वारलेल्या भावाचा चेहरा दिसला होता, चार दिवस रजा घेतली आणि गेला. या कामात डोळे शिणतात. मी म्हटलं, औषधवाला म्हातारा नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यांचा विश्वास बसणार कसा. ते इथलं पाणी पीत नाहीत, त्यांचा मासा इथे नाही.

सरांनी माझ्याकडची संग्रहालयाची किल्ली मागून घेतली. सोमवारपर्यंत विश्रांती, हुकूम आहे म्हणाले. मी त्यांच्याकडून वचन घेतलं, टाकीतल्या दोघांना हात लावणार नाही. दिलं त्यांनी. तापाने फणफणलेल्या पोराला देतात तसं.

आईला घेऊन गाव सोडलं तर? पण मासे इथेच राहणार. आम्ही कुठेही गेलो तरी आम्ही त्या टाकीत.

नळाचं पाणी बंद केलंय. आई विचारते, का. काय सांगू.

३० नोव्हेंबर, शनिवार

संग्रहालयाच्या खिडकीतून टाकी दिसते. दहा वाजल्यापासून चारपर्यंत कट्ट्यावर बसले. पंपाचे बुडबुडे येतायत. दोघे आहेत. चिठ्ठी अजून टाकीवर आहे, माझ्याच अक्षरात— नामधारक नमुना. ती काढायला हवी होती. कशी विसरले.

वीज गेली तर— नको.

आई म्हणते, मी तिच्याकडे अशी बघते की तिलाच भीती वाटते. तिने मला जवळ घेतलं. मी डागावर बोट ठेवलं. ऊबदार आहे.

आणखी दोन दिवस.

१ डिसेंबर, रविवार

११.०० — आई कुठेही जाऊ देईना. रविवार आहे, आज माझ्याजवळ बस म्हणाली. बसले. ती पडद्याला दुमड घालतेय. या घरात आता कायमचं राहायचं ना, म्हणून पडदे. हे तिला कुणी सांगितलं? सरांनीच सांगितलं असेल.

१.१५ — जेवलो. ती दोन घास जास्त जेवली. उद्या सकाळी सात वाजता काका. सातला मी पंपघराशी उभी असेन.

३.१० — सरांचा फोन. संग्रहालयातून. रविवारी. माझ्यासाठी खास आलेत. म्हणाले, तुझ्या जिवाला घोर लागलाय तो एकदाचा संपवतो, नामधारक मीच करून टाकतो, तुला बघावंही लागणार नाही. तेलात सोडलाय, पाच मिनिटं झाली, झकास आहे.

मी विचारलं, कोणता? दोघांतला कोणता? डाग कुठे आहे, टाके— सर, उलटा करून बघा.

ते हसले. म्हणाले, उजवी बाजू कोण बघतं, पोरी.

काढा बाहेर, मी म्हटलं. पाण्यात टाका परत. सर, काढा. त्यांनी फोन टेबलावर ठेवला असावा. लांबून बरण्यांचा आवाज येतोय. झाकण फिरवल्याचा. मी ओरडतेय, ते ऐकत नाहीत. मग फोन बंद. पुन्हा लावला. उचलत नाहीत.

३.१४ — धावत गेले तर पंधरा मिनिटं. जिन्यापर्यंत गेले, सहा पायऱ्या उतरले. पाय लटपटतायत भीतीने, गुडघ्यात जोरच नाही. कठडा धरून परत वर आले. वही मांडीवर. वेळ लिहिली पाहिजे. लिहीत राहिले तर—

मशीनचा आवाज थांबलाय. आतल्या खोलीत. एवढा वेळ चालू होता, आता थांबलाय.

आई.

हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. दारापर्यंत जायचंय आणि जाववत नाही, मला ती मशीनवर डोकं ठेवून बसलेली बघायची नाही. देवा, ती नको. ती नको, बाकी काहीही चालेल. मी तिचं नाव द्यायला नको होतं—

३.१७ — बोलली. आई बोलली. दोरा तुटला होता, ओवत होती, तोंडात दोरा होता म्हणून बोलता आलं नाही म्हणते. आई बोलतेय. ती नाही. ती नाही. रडू येतंय मला. आता मशीनही सुरू झालं. उद्या सातला काका, आईला पायरीजवळ सोडायचं, हळूच, एकटीच असेल पण—

एकटी का असेल

डोळे जड झालेत. तीन रात्री झोप नाही, त्यामुळे. अक्षर वाकडं येतंय.

आई आतून विचारतेय, अगं मोजणीबाई, एवढा लवंगेचा वास कुठून येतोय, डोकं उठलं. खिडकी उघड म्हणते. घर भरून गेलंय म्हणते.

मला तर कसलाच वा